रॅम्पवरील पुरुषवेश आणि प्रथमप्रेक्षक : एक समीक्षात्मक टिपण

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने साहित्य, नाटक, संगीत आणि चित्रपट या कलांविषयी विपुल लेखन केले आहे. वस्त्राच्या बाबतीत मात्र ती आश्चर्यकारक मौन पाळते. डॉ. गो. स. घुर्ये यांचा 'इंडियन कॉस्च्यूम' हा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो समाजशास्त्रज्ञाने इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ आहे आणि त्याची पुढची पायरी मराठीत कोणी फारशी चढले नाही. आपल्याकडील नाट्यपरीक्षणांत वेशभूषेच्या वाट्याला बहुधा शेवटच्या परिच्छेदातील अर्धे वाक्य येते, आणि ते 'वेशभूषा प्रसंगानुरूप होती' असे असते. प्रस्तुत लेखकानेही अशी वाक्ये लिहिली आहेत, हे येथेच मान्य केलेले बरे.

अलीकडे मुंबईतील एका फॅशन सप्ताहात पुरुषवेशाचे दोन शो प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. असे काही पाहण्याची ही आयुष्यातील पहिलीच वेळ. आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन पदवीधर झालेली एक विद्यार्थिनी पुढे वस्त्ररचनेचा अभ्यासक्रम करून एका डिझायनरच्या चमूत लागली आहे. रॅम्पच्या मागे उभे राहून मॉडेलना ठरलेल्या क्रमाने कपडे चढवून देणे, हे तिथे तिचे काम. तिच्यामुळे उभ्याने पाहण्याचे दोन पास मिळाले. जाताना मनात कुतूहल होते, तशीच एक बोचही होती. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण दिसल्यावर जो वाद झाला, त्याविषयी आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर चर्चा चालली होती; आणि त्या चर्चेतील एकानेही कधी एखादा फॅशन शो पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्या प्रयोगावर मत देणे हा आपल्या क्षेत्रात दोष मानला जातो.

प्रत्यक्ष अनुभव

प्रथम लक्षात येते ती बैठकव्यवस्था. नाट्यगृहात तिकिटाचा दर जागा ठरवतो. येथे तिकीटच नसते, निमंत्रण असते, आणि निमंत्रणाचा रंग पाहून दारावरचा माणूस आपल्याला कोणत्या रांगेत सोडायचे ते ठरवतो. पहिल्या रांगेत खरेदीदार, संपादक आणि चित्रपटसृष्टीतील मंडळी. मागे क्रमाने उतरत जाणारी प्रतिष्ठा. आणि सर्वांत मागे भिंतीला टेकून आमच्यासारखे. रॅम्पच्या टोकाला छायाचित्रकारांचा एक उंच ढीग रचलेला असतो. ढीग हाच शब्द योग्य आहे, कारण ते अक्षरशः एकमेकांच्या खांद्यांवरून पाहत असतात. शो सुरू होण्याची वेळ उलटून पाऊण तास गेला तरी कोणी कुरकुर केली नाही. आमच्याकडे एकांकिका स्पर्धेला वीस मिनिटे उशीर झाला तरी शिट्ट्या सुरू होतात.

मग दिवे गेले, ढोल-ताशाचा भास देणारे यंत्रसंगीत सुरू झाले आणि सुमारे अकरा मिनिटांत सर्व संपले. पहिल्या शोमध्ये नेमके काय पाहिले, हे बाहेर आल्यावर सांगता येईना. पाहण्याची वेळ हातात नसते, हे त्याचे मुख्य कारण. पुस्तकाचे पान उलटून मागे जाता येते, चित्रासमोर थांबता येते. येथे माणूस येतो, वळतो आणि कपड्यासह नाहीसा होतो. दुसरे कारण माझ्या सवयीचे. नाटक पाहत वाढलेला माणूस प्रथम चेहऱ्याकडे पाहतो, आणि रॅम्पवरच्या तरुणांनी चेहऱ्यावर काहीही न दिसू देण्याचे शिक्षण घेतलेले असते. त्या कोऱ्या चेहऱ्यांवर अर्थ शोधण्यात माझे अर्धे मिनिट जाई आणि तोवर पुढचा तरुण आलेला असे. दोन शोंच्या मधल्या वेळेत त्या विद्यार्थिनीने एका वाक्यात दुरुस्ती केली : "सर, चेहऱ्याकडे बघूच नका. चालताना कापड कुठे अडतं आणि कुठे सुटतं, तेवढंच बघा."

दुसरा शो या सूचनेनुसार पाहिला आणि तो बराचसा 'वाचता' आला. येथे बा. सी. मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य होते. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी लय घडते, ही त्यांची 'सौंदर्य आणि साहित्य'मधील मांडणी आपण वर्गात इतक्या वेळा सांगतो की ती गुळगुळीत झाली आहे. ओळीने चालत येणाऱ्या तीस-पस्तीस वेशांच्या मालिकेला ती लावून पाहिली, तर मात्र तिची धार परत येते. पहिल्या शोमध्ये केवळ संवाद होता. एका शेरवानीमागून दुसरी शेरवानी, आधीच्यापेक्षा जरा अधिक जरीची. विरोध कोठेच नसल्याने शेवटच्या सर्वांत जड पोशाखाला उत्कर्षबिंदूचे स्थान मिळाले नाही. तो फक्त सर्वांत महाग वाटला. आपल्याकडील पुरुषवेशाचा डिझायनर लग्नसराईवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो हे समजण्यासारखे आहे. परंतु वधूपक्षाच्या खरेदीची यादी रंगमंचावर चालवली म्हणजे रचना सिद्ध होत नाही.

दुसऱ्या शोची सुरुवात मांडपाट, जाडसर सुती कापडाच्या सरळ, जवळजवळ कार्यालयीन सदऱ्यांनी झाली. चौथ्या की पाचव्या वेशात सदऱ्याखाली विजारीऐवजी धोतरासारखा घोळ आला. प्रत्येक पावलागणिक निऱ्या उघडत आणि मिटत होत्या, आणि वरचा सदरा मात्र खांद्यापासून खाली ताठ, न हलणारा. एकाच शरीरावर दोन गती. हा खरा विरोध. पुढे सदरा हळूहळू सैल होत गेला आणि घोळ आवळत गेला. अखेरच्या तीन वेशांत दोन्ही एकाच कापडातून कापलेले होते. एकही शब्द न उच्चारता वरच्या आणि खालच्या अंगाचा हा व्यवहार त्या डिझायनरने पुरा केला होता. त्याला दाद द्यावी असे वाटले; पण तेथे टाळ्या शेवटीच वाजवायच्या असतात असे दिसले.

पुरुष आणि प्रदर्शन

पुरुषाने पाहिले जाण्यासाठी चालावे, यात आपल्याला जे काहीसे अवघडलेपण वाटते त्याला इतिहास आहे. ब्रिटिश मनोविश्लेषक जे. सी. फ्ल्यूगेल यांनी १९३०च्या 'द सायकॉलॉजी ऑफ क्लोद्ज' या ग्रंथात अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय पुरुषाने केलेल्या 'महान पुरुषी त्यागा'ची कल्पना मांडली. सौंदर्यावरचा हक्क पुरुषाने सोडला आणि उपयुक्ततेचा गडद, एकसारखा पोशाख पत्करला, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे पुरुषवेशाचा रॅम्प स्त्रीवेशाच्या मानाने उशिरा आला. रोममधील ब्रिओनी या शिंपीगृहाने १९५२ साली फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातील श्वेत दालनात पुरुषांचे कपडे पुरुष मॉडेलच्या अंगावर चालवले, ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. १९६० मध्ये पिएर कार्दां यांनी पॅरिसमध्ये पुरुषवेश सादर केला तेव्हा मॉडेल म्हणून विद्यापीठातील विद्यार्थी उभे केले. फ्लॉरेन्सलाच १९७२ पासून 'पित्ती उओमो' हा पुरुषवेशाचा व्यापारी मेळा भरू लागला. आपल्याकडे केवळ पुरुषवेशाला वाहिलेला सप्ताह दिल्लीत २००९ साली झाला.

फ्ल्यूगेलचा सिद्धान्त महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) रूपाने मराठी रंगभूमीवर एका पुरुषाचे उंची वस्त्रांतील चालणे-वळणे प्रेक्षक डोळे भरून पाहत होते आणि घरंदाज स्त्रिया त्या लुगड्यांचे, दागिन्यांचे अनुकरण करीत होत्या. याहून प्रभावी फॅशन शो त्या काळात दुसरा कोणता असणार? दुसरीकडे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोट-पँट-टाय हा पोशाख फ्ल्यूगेलच्या दृष्टीने त्यागाचा, अनाकर्षक पोशाख ठरेल. ज्या समाजाला नीटनेटके कापड अंगावर घालण्याचीही मनाई होती त्याच्या दृष्टीने तोच पोशाख हक्काची घोषणा होता. वेशाचा अर्थ वेशात नसतो, पाहणाऱ्याच्या स्थानात असतो. हा मुद्दा पुढे मिलानच्या संदर्भात पुन्हा येईल.

समीक्षकाची खुर्ची

या क्षेत्रात समीक्षा नाही असे नाही. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या रॉबिन गिव्हान यांना २००६ साली समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि फॅशनवरील लेखनाला प्रथमच तो मान लाभला. पण त्याच क्षेत्रात २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कॅथी होरिन यांना एदी स्लिमान यांच्या सँ लोराँच्या पहिल्या शोचे निमंत्रणच दिले गेले नाही. समीक्षकाला पुस्तक विकत घेता येते, नाटकाचे तिकीट काढता येते. रॅम्पपाशी जाण्यासाठी मात्र ज्याची समीक्षा करायची त्याच्याच मर्जीवर अवलंबून राहावे लागते. ज्या खुर्चीवर बसून लिहायचे ती खुर्ची यजमानाची असेल तर लेखणी कोठवर मोकळी राहणार? मुंबईतील त्या दोन शोंचे वृत्तांत दुसऱ्या दिवशी वाचले. दोन्हींना सारखीच विशेषणे होती.

मिलान, जून २०२५

प्राडा या इटालियन फॅशनगृहाचा २०२६च्या वसंत-उन्हाळ्यासाठीचा पुरुषवेशाचा शो २२ जून २०२५ रोजी मिलान येथे, त्यांच्याच प्रतिष्ठानाच्या इमारतीत झाला. मिउच्चा प्राडा आणि राफ सिमॉन्स हे त्याचे कर्ते. उघडे दालन, जमिनीवर फुलांच्या आकाराचे गालिचे, आखूड चड्ड्या, साधेपणाचा आव आणणारी एकूण मांडणी. आणि अनेक मॉडेलांच्या पायांत अंगठ्याचे, वेणीचे, सपाट तळाचे चामडी पायताण. शोच्या माहितीपत्रकात त्याचे वर्णन 'चामड्याच्या सँडल' असे होते.

येथे रोलाँ बार्थ यांच्या १९६७च्या 'सिस्तेम द ला मोद' या ग्रंथातील भेद उपयोगी पडतो. वस्त्राची तीन रूपे ते मानतात : प्रत्यक्ष वस्त्र, त्याची प्रतिमा आणि त्याचे लिखित रूप. आपल्या विश्लेषणासाठी ते निवडतात ते लिखित रूप, म्हणजे मासिकातील छायाचित्राखालची ओळ. कारण छायाचित्रात शेकडो गोष्टी दिसतात, पण फॅशन कोणती ते ओळ सांगते. मिलानच्या वादाचे सारे मर्म या भेदात आहे. पायताण पायांत होते, प्रतिमा जगभर गेली. गैरहजर होते ते नाव. आणि जे नाव गैरहजर होते ते कायद्याने नोंदलेले होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपुरा अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश होतो. आपल्याकडील काही वक्त्यांनी वादाच्या भरात ती केवळ महाराष्ट्राची असल्याचे सांगितले, ते चूक होते. दुसऱ्याने नाव खाल्ले म्हणून रागावताना आपणही शेजाऱ्याचे नाव खाऊ नये.

समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बाब वेगळीच आहे. आक्षेपाचा सूर मिलानच्या त्या दालनातून उठला नाही. तो प्रतिमा पाहणाऱ्या भारतीयांनी उठवला. रॅम्पपासून हजारो किलोमीटरवर, हातातील फोनवर दोन इंचांचे छायाचित्र पाहणाऱ्या माणसाला जे ओळखू आले, ते ओळखण्यासाठी पहिल्या रांगेत बसण्याची गरज नव्हती. संस्कृत काव्यशास्त्र ज्याला सहृदय म्हणते तो वाचक येथे निमंत्रितांच्या यादीबाहेर होता. प्रथमप्रेक्षकाचे अज्ञान हा दोष खरा. पण सरावलेल्या प्रेक्षकाला एक वेगळे अंधत्व येते, ते म्हणजे जे रॅम्पवर आले ते रॅम्पवरच जन्मले असे मानण्याचे.

पुढील घटनाक्रम सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. उत्तरादाखल लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी, हे पादत्राण भारतीय पारंपरिक हस्तनिर्मित पादत्राणांपासून प्रेरित असल्याचे आणि रचना अद्याप प्राथमिक टप्प्यावर असल्याचे कळवले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरील जनहित याचिका फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनीच दाद मागायला हवी, असा त्यातील मुद्दा होता. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे समकक्ष महामंडळ यांच्याशी करार केला. दोन्ही राज्यांत २,००० जोड तयार करून जगभरातील ४० दुकानांतून व ऑनलाइन, सुमारे ८०० युरोंना एक जोड या दराने विकण्याची योजना जाहीर झाली.

या करारास विजय म्हणावे काय? अंशतः म्हणावे. नाव परत मिळाले, हे लहान नव्हे. परंतु जे नाव मिळाले ते प्रदेशाचे आहे. रॅम्पवर डिझायनरचे नाव व्यक्तीचे असते, कारागिराचे नाव जिल्ह्याचे असते. मिलाननंतर दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई व्हितॉंचा पुरुषवेशाचा शो झाला. फॅरेल विल्यम्स यांनी भारताची प्रेरणा उघडपणे मान्य केली. पाँपिदू केंद्रासमोर सापशिडीचा भव्य पट मांडला गेला आणि तो मुंबईचे वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओने घडवला, हेही आवर्जून सांगितले गेले. मिलानच्या तुलनेत हे निश्चितच सभ्य वर्तन. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट आपली परंपरा ज्ञानेश्वरांकडे नेते. त्यात घरे पापपुण्यांची असतात आणि शिडी चढण्यासाठी पात्रता लागते. पॅरिसच्या पटावर मात्र सारेच जण सापावरून, शिडीवरून सारख्याच ऐटीत चालत गेले. कोणी घसरले नाही. श्रेय देतानाही ते आधीच नामवंत असलेल्यांना देणे सोपे असते, एवढे या तुलनेतून दिसते.

आणि येथेच मर्ढेकरांची साथ सुटते. वेशाची लय त्यांच्या आधारे उलगडते. पण ते कापड कोणी विणले, ते कातडे कोणी कमावले, हा प्रश्न त्या सौंदर्यविचाराच्या कुंपणाबाहेर राहतो. कोल्हापुरीच्या बाबतीत तो बाहेर ठेवता येत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावणारे हात, वाद्या कापणारे हात, घरात बसून वेणी घालणाऱ्या स्त्रियांचे हात, या सर्वांना जातिव्यवस्थेने शतकानुशतके अस्पृश्य ठरवले. चपलेला प्रतिष्ठा, करणाऱ्याला नाही, ही रीत मिलानने शोधून काढलेली नाही. ती आपल्याच गावांतली आहे. जून २०२५च्या संतापात हा उल्लेख फार थोड्या ठिकाणी आढळला.

आमच्या एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थी आहे, ज्याच्या घरी तीन पिढ्या पायताण करतात. वादाच्या दिवसांत मी त्याला मिलानचे छायाचित्र दाखवले आणि तो चिडेल अशी अपेक्षा केली. तो बराच वेळ छायाचित्र मोठे करून पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, वेणी चांगली आहे. पण टाच लावलेली दिसत नाही, तळ पातळ वाटतोय. आमच्या मातीत हे एक पावसाळा टिकणार नाही." त्यानंतर त्याने विचारले की शिवण चामड्याच्या दोऱ्याची आहे की सुताची. मला सांगता आले नाही. त्या शोवर जे काही वाचनात आले, त्यांत पादत्राणाच्या शिवणीविषयी प्रश्न विचारणारे हे एकमेव परीक्षण होते, आणि ते लिहिले गेलेले नाही.

मुंबईच्या दुसऱ्या शोमध्येही शेवटच्या काही मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी होत्या. प्रयोग संपल्यावर विद्यार्थिनीला भेटायला आत गेलो. कपडे लोखंडी दांड्यांवर परत टांगले जात होते. प्रत्येक हँगरला वेशाचा क्रमांक आणि मॉडेलचे छायाचित्र अडकवलेले. ती जमिनीवर बसून चपलांच्या तळांना लावलेली चिकटपट्टी सोलून काढत होती. चालताना पाय घसरू नये आणि तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून ती लावतात. मी एक जोड उचलून पाहिला. काम बारीक होते, वेणी नऊ पदरी होती, शिवण चामड्याच्याच दोऱ्याची होती. कोणी केली, असे विचारल्यावर तिने खोका उलटून पाहिला. त्यावर पायाचे माप आणि वेशाचा क्रमांक होता. "उद्या विचारून सांगते, सर," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. चपला दादरच्या एका पुरवठादाराकडून आल्या होत्या. त्याने त्या अथणीहून मागवल्या होत्या. अथणीत कोणाकडून, ते त्याच्या वहीत नव्हते.